नारळाच्या मापाचं टोपडं

माझं शिक्षण तिसरी. परीक्षेला बसलो होतो का नाही ते आता आठवत नाही, पण निकाल आणायला गेलो नव्हतो एवढं पक्कं. पुढचं जे काही शिकलो ते हडपसरच्या एका कारखान्यात, लेथसमोर उभं राहून. लेथवर लोखंडाचा दांडा गरागरा फिरतो, त्याला हत्यार लावून तो हव्या त्या मापाचा करायचा, हे टर्नरचं काम. मी टर्नर होतो आणि चांगला टर्नर होतो. हे मलाच सांगावं लागतं, कारण जे सांगू शकले असते त्यांच्याशी माझं पटत नव्हतं.

या कामात चूक दोन तऱ्हेची. दांडा, आमच्या भाषेत जॉब, जाड राहिला तर पुन्हा मशीनवर चढवून थोडा कमी करता येतो. बारीक झाला तर संपलं, भंगार. त्याला आम्ही अंडरसाइज म्हणायचो. कारखान्यात एखाद्याला आईवरून बोललेलं चाललं असतं, पण 'तुझा जॉब अंडरसाइज आहे' म्हटलेलं चालत नसे. माझ्या हातून उभ्या नोकरीत एकही जॉब अंडरसाइज गेला नाही. एकदा गेला, पण तेव्हा ड्रॉइंग चुकलेलं होतं.

हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे एका टोपड्यापायी माझी काय अवस्था झाली ते कळेल.

कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं, "शिकणार का?"

मी म्हणालो, "त्याला विचारा, माझ्याकडून शिकणार का."

मग त्यांनी मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. शाल बायकोनं कपाटात ठेवली, घड्याळ भिंतीला लावलं. नारळ मात्र मी फोडू दिला नाही. ज्यांनी मला घरी बसवलं त्यांच्या नारळाची चटणी मी खाणार नव्हतो. तो देवाच्या फळीवर तसाच पडून राहिला.

आमची एकच मुलगी. तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न जमवलं. म्हणजे ज्या यंत्रानं मला पुढं घरी बसवलं त्यानंच आधी मला जावई दिला होता. मी ते मनात धरलं नाही. जावई नारायण पेठेतला. त्याची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, नारायण पेठेतच जन्मल्या आणि नारायण पेठेतच दिल्या. हडपसरच्या पुढं, मांजरी गावात आमच्या घरी यायचं तर त्या पाण्याची बाटली आणि अंगावर स्वेटर घेऊन यायच्या, आणि दारात आल्या आल्या विचारायच्या, "परतीची गाडी किती वाजता आहे?" आम्ही पुण्यातच राहतो हे त्यांना पटवून द्यायचं मी सोडून दिलं होतं.

मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे ठरलेलंच. बायकोनं पिवळी लोकर आणून ठेवली, डिंक आणला. आणि नेमका तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी आली. डाव्यानं तिला आधीपासूनच अंधुक दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही, सुईदोऱ्याला महिना-दोन महिने हात लावायचा नाही.

विहीणबाई मोसंबी घेऊन बघायला आल्या. खुर्चीवर बसून त्यांनी एका दमात सगळं उरकलं.

"आता तुम्ही डोळा सांभाळा. बाळंतपण आमच्याकडे. बारसंही आमच्याकडेच करू, दवाखाना जवळ आहे. आणि हे बघा, विणायबिणायचं काही डोक्यात आणू नका. हल्ली सगळं दुकानात मिळतं. मी आणूनही ठेवलंय. शिवाय हाताचं टोचतं."

बायको म्हणाली, "बरं." त्या गेल्यावर बराच वेळ काहीच बोलली नाही. आमच्या घरात हे नवं होतं.

मी विचारलं, "डोळा दुखतोय का?"

"डोळा न्हाई दुखत," ती म्हणाली. "पोरीचं बाळतपण गेलं हातातनं. ते गेलं तर गेलं. पन येक टोपडं तरी आपल्या घरचं पाळण्यात जावं, एवढंच मनात हुतं. वेणीचं. माझ्या आईनं माझ्या बारशाला केलं हुतं तसलं."

मी म्हणालो, "मी विणतो."

ती हसायला लागली आणि पट्टीवर हात धरून म्हणाली, "आवो, हसवू नगा. डॉक्टरनी हसायचं न्हाई सांगितलंय."

त्या हसण्यानंच माझं पक्कं झालं. मला कोणी 'जमणार नाही' म्हटलं की मी ते काम हातात घेतो. माझ्या आयुष्यातली निम्मी कामं अशीच झाली आहेत आणि बरीचशी अर्धवट राहिली आहेत ती पण अशीच.

वेणीचं टोपडं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोकरीच्या विणकामात दोनच टाके, सुलट आणि उलट. बाकी सगळं त्यांचंच पोटचं. वेणीच्या विणीत काही ओळी सरळ विणायच्या आणि मग मधले तीन टाके काढून एका तिसऱ्या, छोट्या सुईवर घ्यायचे आणि ती सुई पुढं लोंबत ठेवायची. पुढचे तीन आधी विणून घ्यायचे आणि मग लोंबणारे तीन विणायचे. टाके असे एकमेकांना ओलांडून गेले की कापडावर पोरीच्या वेणीसारखा पीळ उठून दिसतो. रेल्वेत डबे बाजूच्या रुळावर काढून मागची गाडी पुढं काढतात, तसलाच प्रकार.

ती तिसरी सुई घरात सापडेना. मी माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची एक तार काढली, वीतभर कापली, दोन्ही टोकं दगडावर घासून गोल केली, पॉलिश पेपर मारला आणि टाके सटकू नयेत म्हणून मधोमध एक बाक दिला. आरशासारखी झाली. बायकोच्या हातात दिली आणि म्हणालो, "अशी सुई बाजारात मिळत नाही."

ती बोटं फिरवून म्हणाली, "मिळती की."

"अशी नाही मिळत."

"बरं, न्हाई मिळत."

सायकल त्या दिवसापासून लंगडायला लागली, ती शेवटपर्यंत.

शिकवणं असं चालायचं की ती खुर्चीत मान सरळ ठेवून बसायची, पट्टीवर काळा चष्मा लावून. मी समोर पाटावर. मी चार-सहा टाके घालायचो आणि सुई तिच्या हातात द्यायचो. ती बोटांनी चाचपून निकाल सांगायची.

"ह्यो तिसरा सुटलाय."

"सुटला नाही, सैल ठेवलाय."

"टाका सैल ठेवला की सुटतो. आन् ह्यो बघा, ह्यो इतका आवळलाय, त्याला श्वास घेता येईना."

"आमच्याकडे असंच घट्ट लागतं."

"तुमच्याकडं लोखंड हुतं. आता लेकराचं डोकं हाय."

आठवड्याभरात माझा हात बसला. जावयाला कळलं तेव्हा तो रविवारी मुद्दाम आला आणि म्हणाला, "बाबा, डोन्ट वरी, इंटरनेटवर पॅटर्न आहेत. मी ऑफिसमधून प्रिंट काढलाय." त्यानं दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद उलगडला. वर सगळं इंग्रजी. पण खाली चौकटी-चौकटींचा तक्ता होता आणि चौकटींतून तिरप्या रेघा गेल्या होत्या.

अक्षराशी माझं कधी जमलं नाही, पण ड्रॉइंग मी झोपेत वाचतो. मी तो तक्ता भिंतीला लावला, चष्मा चढवला आणि दहा मिनिटांत जावयाला सांगितलं, ही वेणी सहा टाक्यांची, ह्या दोन रेघा म्हणजे उलटे टाके, आणि सहाव्या ओळीला पीळ.

जावई म्हणाला, "बाबा, अमेझिंग. मला तर हे वाचताच येत नाही."

मी म्हणालो, "पण हे ड्रॉइंग अर्धवट आहे. यात माप कुठंय?"

माप नव्हतंच. मापाशिवाय ड्रॉइंग काढणाऱ्याला आमच्या कारखान्यात गेटच्या आत घेतलं नसतं. मी बायकोला विचारलं, बारा दिवसांच्या पोराचं डोकं केवढं असतं?

ती म्हणाली, "माझी आई नारळावर बघायची. चांगला भरलेला नारळ घ्यायचा, त्यावर टोपडं बसलं की लेकराला बसतं."

मला ही पद्धत एकदम पटली. कारखान्यात आम्ही याला गेज म्हणतो. एक पक्का तुकडा असतो, जॉब त्यावर बसला तर पास, नाही बसला तर नापास. मोजमाप नाही, वादावादी नाही. मी फळीवरचा कंपनीचा नारळ काढला. इतके दिवस नुसता बसून होता, म्हटलं कामाला लागू दे. हलवून बघितला तर आत पाणी खुळखुळत होतं.

मग मी रीतसर कामाला लागलो. दोरा गुंडाळून नारळाचा घेर मोजला, चौदा इंच. साध्या सुलट टाक्यांचा एक चौकोनी तुकडा विणला आणि माझ्या व्हर्नियरनं मोजला. व्हर्नियर म्हणजे केसाएवढं अंतर मोजणारं लोखंडी माप, निवृत्त होताना ते तेवढं मी स्वतःचं म्हणून घरी आणलं होतं. इंचाला सात टाके भरले. चौदा साते अठ्ठ्याण्णव. तिसरीतले पाढे कामी आले. अठ्ठ्याण्णव टाके घातले.

बायकोनं मोजले आणि म्हणाली, "कमी हायेत. वेणी घातली की कापड आत वढतं. वाढवा."

"किती आत ओढतं?"

"त्ये मला काय ठाव. वाढवायचे आसत्यात."

"माप घेतलंय मी," मी म्हणालो. "तू अंदाजानं सांगतीस, मी व्हर्नियरनं सांगतोय."

ती म्हणाली, "मग त्या व्हर्नेरलाच विणू द्या."

मी काही ऐकलं नाही. रोज सकाळी उन्हात ओट्यावर बसून विणायचो. शेजारी ऊसतोडीचे ट्रॅक्टर जायचे, नव्या सोसायटीतले लोक स्कूटरवरून जाता जाता वळून बघायचे. एकानं थांबून विचारलं, "काका, हे काय डॉक्टरांनी सांगितलंय का?" मी म्हणालो, "हो. तुम्हाला पण सांगतील, जरा थांबा."

टोपडं पुरं झालं. आठ वेण्या, एकीसारखी दुसरी. शिवण घालून बंद केलं आणि नारळावर चढवायला घेतलं.

ते अर्ध्यावर अडकलं. नारळाची शेंडी तेवढी झाकली. आणखी ओढलं तर सुटलं आणि उडून देवाच्या फळीवर जाऊन पडलं. बायको आतून म्हणाली, "बसलं का?"

"बसतंय," मी म्हणालो.

अंडरसाइज. आणि या वेळी ड्रॉइंगवर ढकलता येत नव्हतं, कारण माप माझं होतं.

आता पुढचं जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी टोपडं खिशात घातलं आणि हडपसरच्या मंडईत गेलो. नारळवाल्याच्या ढिगापुढं उकिडवा बसलो आणि एक एक नारळ घेऊन त्यावर टोपडं चढवून बघायला लागलो.

नारळवाला थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, नारळ लोकं वाजवून घेत्यात. टोपी घालून कुनी घेत न्हाई."

मी म्हणालो, "तू तुझं काम कर."

"माझं कामच हाय ह्ये. कसला पायजे ते तरी सांगा. पूजेला, का लग्नाला उभा करायचाय?"

बाराव्या का तेराव्या नारळावर टोपडं बरोबर बसलं. छोटा होता, मोठ्या पेरूएवढा. तो घेऊन घरी आलो, त्यावर टोपडं घालून बायकोच्या मांडीवर ठेवला. "बघ. बसलं."

तिनं टोपड्यावरून बोटं फिरवली. वेण्या मोजल्या. चेहरा खुलला. मग सहज म्हणून नारळ कानाशी नेला आणि हलवला. पुन्हा हलवला.

"पानी कुठं गेलं?" ती म्हणाली.

"आटलं असेल."

"सकाळी देवाला दिवा लावायला फळी चाचपली, तवा हाताला लागला. खुळखुळत हुता. दुपारपत्तुर आटलं?"

मी लोकरीचा गुंडा उचलून गुंडाळायला घेतला.

"नारळ बदलला व्हय तुमी?"

आमच्या कारखान्यात एक जोडीदार होता. माल पास होईना म्हणून त्यानं एकदा गुपचूप गेजच कानशीनं घासला होता. जॉब चुकला तर चुकला, माणसाच्या हातून होतं. पण गेजला हात लावणं म्हणजे पार शेवट. मी त्याच्याशी वर्षभर बोललो नव्हतो आणि हे मी बायकोला शंभरदा अभिमानानं सांगितलेलं होतं.

तिला ते पाठ होतं. ती म्हणाली, "मग आता सोताशी किती दिस बोलनार न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाचा फोन आला. मुलगी झाली. आई आणि बाळ ठीक. बारसं बाराव्या दिवशी.

मी फोन ठेवला आणि टोपडं उसवायला घेतलं. महिनाभराचं काम असं सरसर सुटतं की बघवत नाही. बायकोनं उसवलेली लोकर हातावर गुंडाळून घेतली, पाण्यातून काढायला लावली, वाळवली. मग म्हणाली, "दर वेणीमागं चार टाके वाढवा. आन् आता जर व्हर्नेर काढला तर मी पट्टी काढून विणायला बसंन."

मी चार टाके वाढवले. एका शब्दानं बोललो नाही. तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं की लग्नानंतर हे पहिल्यांदाच.

बारा दिवस म्हणजे काहीच नाहीत. रोज बाळाला बघायला बसनं नारायण पेठेत जायचो तो वेळही मी वाया घालवला नाही, बसमध्ये विणत जायचो. खिडकीजवळ बसलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस पिवळं टोपडं विणतोय म्हटल्यावर लोकांना तिकिटाचं पण भान राहायचं नाही. कॉलेजच्या दोन मुली म्हणाल्या, "अंकल, सो क्यूट." मी म्हणालो, "थँक्यू," कारण टोपडं खरंच चांगलं चाललं होतं. कंडक्टर म्हणाला, "काका, ती तार आत घ्या. ब्रेक लागला तर पुढच्याच्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागंल."

ब्रेक लागलाच, येरवड्याकडून येणाऱ्या एका ट्रकपायी. तीन टाके घेतलेली माझी सुई पुढं लोंबत होती ती त्या धक्क्यानं कापडामागं गेली आणि मी तशीच विणून टाकली. घरी आल्यावर बायकोच्या बोटांना कळलं.

"ह्या वेणीत येक पीळ उलटा वळलाय. उसवा."

"उसवणार नाही. दिवस राहिलेत दोन."

"लोकं बघतील."

"बघू देत. गॅस सिलिंडरला उलटे आटे असतात, त्यावर कोणी बोलतं का? डावा आटा आहे म्हणून सांगू. मुद्दाम ठेवलाय."

बारशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टोपडं पुरं झालं. कंपनीच्या नारळावर चढवलं. हातानं हलकं ढकललं आणि शेवटच्या बोटभर अंतराला ते आपलं आपण जाऊन बसलं, ना सैल ना घट्ट. असा फिट सगळ्या नोकरीत मी चार-पाच वेळा केला असेल. मी बायकोच्या कानाशी नारळ नेऊन हलवला. पाणी खुळखुळलं. ती म्हणाली, "पास."

पिशवीत चेपू नये म्हणून टोपडं नारळावर तसंच ठेवलं आणि ती पिशवी घेऊन आम्ही नारायण पेठेत गेलो.

विहीणबाईंचं घर म्हणजे नव्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पाळण्याला फुगे बांधले होते. बाळ मुलीच्या मांडीवर होतं आणि त्याच्या डोक्यावर दुकानातली टोपी होती, गुलाबी, वर सशाचे दोन कान. बायकोला पट्टी निघून जाड चष्मा आलेला होता. तिला ते कान लांबूनच दिसले. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मी म्हणालो, "काढ ना."

ती हळूच म्हणाली, "त्येंनी नको म्हटलंय. त्येंच्या दारात येऊन कशाला."

"मग मी काढतो."

तिनं मला चिमटा घेतला. मी हात मागं घेतला. बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली आणि कोणीतरी म्हणालं, गोप्या कुठंय?

बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून त्याचं खोटं बाळ करतात. त्याला गोप्या म्हणतात. बायका पाळण्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत तो पाळण्याखालून आणि वरून एकमेकींना देतात, आणि मग खऱ्या बाळाची पाळी. गोप्याशिवाय बारसं पुढं सरकत नाही.

आणि विहीणबाईंच्या घरात वरवंटा नव्हता. मिक्सर होता, तो सुद्धा तीन भांड्यांचा. त्यांनी दुकानातून सगळं आणलं होतं, वाळे, मनगट्या, दुपटी, खुळखुळे. वरवंटा तेवढा सुचला नव्हता. शेजारी माणसं पाठवली. चार मजल्यांवर आठ मिक्सर निघाले, वरवंटा एकही नाही. एक बाई लाटणं घेऊन आली.

विहीणबाई म्हणाल्या, "लाटण्याला टोपी घातली तर पोर जन्मापासून उपाशी दिसेल."

जावई म्हणाला, "आई, थर्मास चालेल?"

"चालेल की. नाव पण इंग्रजीच ठेवू, म्हणजे सगळंच जमून जाईल."

सगळ्या बायका हसल्या, पण विहीणबाईंचा चेहरा उतरला होता हे मला दिसलं. नारायण पेठेतल्या घरात, चारचौघींत, एका दगडावाचून बारसं अडलं होतं.

तेव्हा माझी बायको उठली. हळूहळू पाळण्यापाशी गेली, पिशवीत हात घातला आणि नारळ काढून विहीणबाईंच्या पुढं धरला. पिवळं टोपडं घातलेला, गळ्याशी बंद बांधलेला. लांबून खरंच बाळ वाटत होता, थोडं सावळं.

विहीणबाईंनी नारळाकडे बघितलं, माझ्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे."

कंपनीनं मला दिलेला नारळ त्या दिवशी पाच वेळा पाळण्यावरून गेला आणि पाच वेळा पाळण्याखालून. प्रत्येक वेळी आतलं पाणी खुळखुळत होतं. साहेब बघायला पाहिजे होते.

नारळ फिरून परत विहीणबाईंच्या हातात आला. आता बाळाची पाळी. माझी बायको मागं सरून भिंतीशी उभी राहिली. घरचं टोपडं पाळण्यापर्यंत जाऊन आलं होतं, गोप्याच्या डोक्यावरून का होईना, आणि तिनं तेवढ्यावर समाधान करून घेतलं होतं असं मला दिसलं. मला ते पुरेसं वाटेना. मी तोंड उघडणार, एवढ्यात विहीणबाईंनी गोप्याचा बंद सोडला, टोपडं काढलं, सशाचे कान बाजूला ठेवले आणि पिवळं टोपडं बाळाच्या डोक्यावर चढवलं.

त्यांची एक जाऊ म्हणाली, "अगं, हे काय?"

"आमच्याकडे गोप्याचंच टोपडं बाळाला घालतात," विहीणबाई म्हणाल्या. "पद्धत आहे."

ज्या घरात वरवंटा नाही त्या घरात ही पद्धत कधी पडली, ते मी विचारलं नाही. मलाही काही गोष्टी कळतात.

टोपडं बाळाच्या भुवयांवर आलं. कंपनीनं नारळ जरा मोठाच दिला होता.

"ओव्हरसाइज आहे," मी म्हणालो. "ते चालतं. अंडरसाइज चालत नाही."

विहीणबाईंनी पुढची कड दोन बोटं दुमडली. "वाढीला आहे," त्या म्हणाल्या. मग दुमडता दुमडता त्यांचं बोट थांबलं. बसमधल्या ब्रेकवर. "अहो, हा इथं एक पीळ उलटा का?"

"डावा आटा आहे," मी म्हणालो. "मुद्दाम ठेवलाय."

"अस्सं. आणि बाकीचे चुकून सुलटे आले वाटतं."

माझी बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. डॉक्टरांनी आता हसायला परवानगी दिलेली होती.

बाळ पाळण्यात गेलं, नाव ठेवलं, पेढे झाले. टोपडं टोचलं नसावं, कारण पोर ढाराढूर झोपलं. निघायच्या गडबडीत नारळ तिथंच राहिला.

पंधरा दिवसांनी मुलगी बाळाला घेऊन मांजरीला आली, तिच्याबरोबर विहीणबाईंनी डबा पाठवला होता. खोबऱ्याची लसणीची चटणी. इतकी चांगली की मी दोन भाकऱ्या नुसत्या चटणीबरोबर खाल्ल्या आणि तिसरी घेतली. मग आभार मानायला म्हणून फोन लावला आणि शेवटी आठवण केली, "आमचा नारळ राहिलाय तुमच्याकडे. तो गेज आहे, पुढच्या नातवंडाला लागेल. ठेवलाय ना?"

"ठेवलाय की," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्याच डब्यात."